कशात पहिला?

आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाला स्टेजवर खुर्च्या मांडायचं काम शिपायाकडे नसतं, खुद्द प्राचार्यांकडे असतं. मधली उंच पाठीची, लाल मखमलीची खुर्ची संस्थेच्या अध्यक्षांची. उजवीकडे पाहुणे, डावीकडे उपाध्यक्ष, मग सचिव, मग संचालक, आणि अगदी टोकाला, अर्धी पडद्याआड गेलेली प्लास्टिकची खुर्ची ज्येष्ठ प्राध्यापकाची. त्या खुर्चीवर येऊन बसावं म्हणून दरवर्षी माइकवरून आमच्या गणिताच्या सरांचं नाव पुकारलं जायचं आणि दरवर्षी ती रिकामी राहायची. सर खाली, मंडपाच्या खांबाला टेकून साउंडवाल्याच्या पेटीवर बसलेले असायचे. कोणी हातानं खुणावलं तर तिथूनच म्हणायचे, "इथनं चांगलं ऐकू येतं."

ते अकरावी-बारावीला गणित शिकवायचे, मी जीवशास्त्र शिकवते. कॉलेज जळकोटजवळ, हायवेला लागून. वर्गात फळ्यावर लिहिताना ट्रक गेला की वाक्य अर्धं सोडून थांबावं लागतं. मागच्या वर्षी सर निवृत्त झाले, आणि आता स्टाफरूममध्ये इतकी शांतता आहे की मला तिचा वीट आला आहे.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, "कशात?" कुणी म्हणालं, "अमक्या हॉटेलचं एक नंबर असतं," की सर विचारणार, "कशात? भज्यात का चहात?" कुणी म्हणालं, "त्यांचा मुलगा जिल्ह्यात पहिला आहे," की सर शांतपणे, "कशात?" एकदा जळकोटच्या स्टँडवर एका प्रवाशानं सहज बोलता बोलता सोलापूरला एक नंबरचं शहर म्हटलं. सरांनी त्याला त्या एका प्रश्नावर असं धरून ठेवलं, की एसटी दिसताच बिचारा बोर्ड न वाचता चढला. गाडी उमरग्याची होती आणि त्याला जायचं होतं तुळजापूरला.

मुलांना पेपर परत देताना सर गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचे. मुद्दाम, सगळ्यांसमोर. "सर, माझा कितवा नंबर?" असं विचारणाऱ्याला उत्तर मिळायचं नाही, सर नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. पहिला, दुसरा, शेवटचा, यातला एकही शब्द त्यांनी कुठल्याही पोराबद्दल कधी उच्चारला नाही. पालक चिडायचे. एक पालक तर प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेला, की गणिताच्या सरांना मोजता येत नाही.

माझा आणि त्यांचा पहिला खटका उडाला तो मी नवीन लागले तेव्हा. मी वर्गीकरण शिकवत होते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती, या पायऱ्या फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या होत्या. तेवढ्यात सर दारात उभे.

"मॅडम, एक विचारू? गवताचं एक कुल आणि भुंग्यांचं एक कुल, दोघांची पायरी एकच ना?"

"हो."

"मग दोन्ही सारखीच जुनी का? सारखीच मोठी का?"

"तसं काही नसतं."

"मग पायरी एकच, हे कोण मोजून आलं?"

पोरं खिदळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवीन बाई म्हणून आला गेला टपली मारून जातो, हे खपवून घ्यायचं नाही, असं मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं. मधल्या सुट्टीत मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "तुमचं म्हणणं खरं आहे. या पायऱ्या माणसानं सोयीसाठी पाडल्या, त्या एकमेकींशी तोलता येत नाहीत. पण ते माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून विचारायचं नाही." सरांनी दोन्ही हातांनी कान पकडले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, सगळ्या स्टाफसमोर. नंतर काही विचारायचं असलं की ते घंटा होईपर्यंत बाहेर लिंबाखाली उभे राहायचे. मी बाहेर आले की तिथंच सुरू व्हायचे.

विनोदही त्यांचे असलेच. बारावीला मॅट्रिक्स शिकवताना ते पोरांना त्यापुढचं, पुस्तकात नसलेलंही सांगायचे. मॅट्रिक्सची रँक म्हणजे वरचा-खालचा नंबर नव्हे. त्यात स्वतःचं काही सांगणाऱ्या ओळी किती आणि दुसऱ्याच ओळीची दुप्पट, तिप्पट करून आलेल्या किती, हे ओळखायचं. स्वतःच्या जितक्या, तितकी रँक. हे सांगून झालं की उदाहरण द्यायचे, "समजा, एका संस्थेचं संचालक मंडळ आहे. माणसं अकरा. रँक एक." पोरं घरी जाऊन हे सांगायची, घरून ते अध्यक्षांपर्यंत जायचं. सरांची बढती कुठं अडली हे वेगळं सांगायला नको.

हा सगळा नुसता विक्षिप्तपणा आहे असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. मग कॉलेजात ती स्पेशल बॅच सुरू झाली.

आजही त्या बॅचचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. मोठ्या शहरांतल्या क्लासेसचं बघून अध्यक्षांनी प्रवेशपरीक्षांची बॅच काढली. दर रविवारी चाचणी, सोमवारी बोर्डावर नंबर. गुण नाही हं, फक्त नंबर. कुणाला काय आलं, काय आलं नाही, हे पोराला कळायची सोयच नाही. पाच चाचण्यांचे नंबर एकत्र जोडायचे. ज्याची बेरीज सगळ्यांत लहान तो सगळ्यांत पुढच्या बाकावर, आणि तिथून उतरत उतरत मागे. वर्गात सगळी पोरं मावत नव्हती. म्हणून शेवटच्या नंबरांचे बाक बाहेर व्हरांड्यात टाकले. तिथं पोरांनी खिडकीच्या गजातून फळा बघायचा, आणि हायवेवरून ट्रक गेला की तोही ऐकायचा. ज्या पोराला कमी येतं त्याला जवळ घेऊन शिकवायचं, का उन्हात नेऊन बसवायचं? एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये? प्राचार्य म्हणाले, "यानं स्पर्धा वाढते." मी म्हटलं, "व्हरांड्यात उष्मा वाढतो, बाकी काही नाही."

बाक बाहेर टाकले त्या सोमवारी सर व्हरांड्यात गेले आणि तिथंच उभं राहून शिकवू लागले. आतल्या पोरांना वळून खिडकीतून बघावं लागलं. प्राचार्यांनी नोटीस दिली. मग सर आत शिकवू लागले, पण त्यांचा आवाज बसला होता. त्या दिवसांत एकदाच ते मला घरातलं काही बोलले. त्यांचे वडील शाळेत जायचे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि घरानं अजून बौद्ध धम्म घेतलेला नव्हता. वडील गावातल्या शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. "आतल्या पोरांची पाठ तेवढी दिसायची म्हणे त्यांना," सर म्हणाले. "मॅडम, मी शिकून मास्तर झालो ते पोरांना आत बसवायला. आता मलाच ती बाहेर ठेवायला लावतात." मी चहा सांगितला.

त्या व्हरांड्यात एक मुलगी बसायला लागली. अणदूरची. वडलांचं खंडोबाच्या देवळासमोर भंडारा-खोबऱ्याचं दुकान. घरात कन्नड, बाहेर मराठी. मुलगी अबोल, पण गणितात अशी तल्लख की सर तिच्या वहीतली पद्धत स्वतः फळ्यावर उतरवून घ्यायचे. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, अणदूरचा खंडोबा बारा महिने अणदुरात नसतो. काही काळ तो नळदुर्गला मुक्कामाला जातो. देव निघाला की दुकानही निघतं. नळदुर्गला यात्रेची गर्दी, त्यात रविवार हा खंडोबाचाच वार. मग रविवारी मुलगी चाचणीला येणार कशी? आईबापाच्या हाताखाली पुड्या बांधायला कुणी नको?

नियम होता, गैरहजर राहिला त्याला शेवटचा नंबर. आणि अशा दोन-तीन रविवारांच्या बेरजेनं ती पुढच्या बाकावरून थेट उन्हात गेली. बोर्डावर नंबर लागला तो तिच्या वडलांना कुणीतरी मोठ्या अगत्यानं जाऊन सांगितला. असं सांगणारे लोक प्रत्येक गावात असतात, मेले. वडील म्हणाले, शेवटचीच येणार असशील तर एसटीचे हेलपाटे कशाला, दुकानात बस. मुलगी दुकानात बसली ती बसलीच, कॉलेजात येईनाशी झाली. बारावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर. एकदा हे वर्ष हातचं गेलं की दुकानातून ती पुन्हा उठणार नाही, हे सरांना आणि मला, दोघांनाही दिसत होतं.

सर नळदुर्गला जाऊन आले. तिच्या वडलांनी त्यांना स्टुलावर बसवलं, कपाळाला भंडारा लावला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमी लई मोठी मानसं. पर नंबर काय खोटं बोलतो व्हय? तिला डोस्कंच न्हाय, त्याला तुमी तरी काय करनार?"

दुसऱ्या दिवशी सर अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. साक्षीला मला घेऊन गेले. अध्यक्षांचं टेबल मोठं, वर जाड काच, काचेखाली पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. सरांनी खिशातून चार वस्तू काढून काचेवर मांडल्या. शंखजिऱ्याचा तुकडा, शेतातली गारगोटी, धार लावायचा कुरुंद, आणि काच कापणाऱ्याकडून मागून आणलेली हिऱ्याच्या कणीची लेखणी.

"साहेब, दगडांच्या शास्त्रात कठीणपणाचे नंबर असतात. शंखजिऱ्याचा एक, गारगोटीचा सात, कुरुंदाचा नऊ, हिऱ्याचा दहा."

"बरं मग?"

"कोण कुणावर ओरखडा काढतो, त्याची ही नुसती रांग. हे बघा." आणि सरांनी गारगोटी उचलून काचेवर अशी ओढली की माझे दात शिवशिवले. एका माजी मंत्र्याच्या गळ्यावरून ओरखडा गेला.

"अहो सर! टेबल!"

"नऊ आणि दहात एकाचाच फरक दिसतो. पण हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण. रांगेत कोण पुढं ते नंबर सांगतो, किती पुढं ते सांगत नाही. म्हणून असल्या नंबरांची बेरीज करायची नसते. शंखजिऱ्याचा एक आणि कुरुंदाचा नऊ मिळून दहा झाले, म्हणून त्या दोघांचा हिरा होतो का साहेब?"

अध्यक्ष ओरखड्यावर बोट फिरवत होते. सर पुढं म्हणाले, "आणि जो आलाच नाही त्याला शेवटचा नंबर कसा देता? तो दगड तुम्ही घासून तरी बघितला का?"

अध्यक्षांना एवढंच कळलं की हा माणूस हटणार नाही आणि खिशात अजून दगड असतील. त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. "गैरहजर असंल त्याला नंबर देऊ नका. जागा कोरी सोडा." बेरजेचं मात्र तसंच राहिलं. तरी सर खुशीत बाहेर आले. म्हणाले, "निदान अर्धं तरी ऐकलं."

त्या अर्ध्या ऐकण्यानं जो घोळ घातला तो आमच्या संस्थेतच होऊ जाणे. पुढच्या पाच चाचण्या झाल्या. ती मुलगी एकाही चाचणीला नव्हती, म्हणून तिच्या पाचही जागा कोऱ्या. कोऱ्या जागांची बेरीज कॉम्प्युटरनं केली शून्य. आणि सगळ्यांत लहान बेरीज तो पहिला! तिच्यासारखं पाचही रविवार दुसरं कुणी चुकवलं नव्हतं. पहिल्या नंबरावर तिचं नाव आलं. ना कुणी हजेरी बघितली, ना कुणी विचारलं की ही पोरगी कुठं आहे. प्रवेशअर्जावरचा फोटो उचलला आणि फ्लेक्स छापून आणला. कॉलेजच्या फाटकावर, जळकोटला, नळदुर्गला आणि अणदूरच्या फाट्यावर. वर अध्यक्षांचा हात जोडलेला भला थोरला फोटो, खाली तिचा लहान. 'संस्थेचा अभिमान! स्पेशल बॅचमध्ये सर्वप्रथम!'

मी कॉलेजला येताना तो फ्लेक्स बघितला आणि गाडी बाजूला घेतली. हसावं का रडावं कळेना. जी पोर तुम्ही उन्हात बसवून घालवली, तिच्याच तोंडावर संस्थेची जाहिरात? आणि तीही चुकून! लाज नावाची काही चीज असते की नाही?

सर माझ्याआधीच केबिनमध्ये पोचले होते. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून हसत म्हणाले, "सर, नंबराला काही अर्थ नसतो असं तुम्हीच म्हणता ना? मग पहिला आला तर बिघडलं काय?"

सर खिडकीतून फाटकावरच्या फ्लेक्सकडे बघू लागले. अध्यक्ष पुढं म्हणाले,

"फ्लेक्स लागले, आमदारसाहेबांच्या हस्ते सत्कार ठरला. आता ते उतरवायचं म्हणजे संस्थेची अब्रू. तुम्ही घर ओळखता, मुलीला घेऊन या. वर्गात बसवा, पुढच्या बाकावर बसवा, माझी ना नाही."

बाहेर आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलत होते. सर म्हणाले, "चला मॅडम. तिला आणू."

माझ्या स्कूटीवर आम्ही दोघं अणदूरला गेलो. देव परत आला होता, त्यामुळे दुकानही आपल्या जागी आलं होतं. आम्हाला लांबून बघताच तिचे वडील पायात चपलाही न घालता पुढं आले. घरात नेलं, सतरंजीवर बसवलं, बायकोला कन्नडमधून भराभर काहीतरी सांगितलं. पेढे आले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की माझ्याच्यानं बघवेना.

"फाट्यावर फोटू बगितला सर. कालपासनं सारं गाव येऊन जातंय. म्या म्हनलं, आपली पोरगी! शेवटनं पैली यायची ती वरनं पैली आली!" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "सर, खरंच का हो? तुमच्या तोंडनं ऐकू द्या. पैली आली माजी पोरगी?"

आतल्या दारात मुलगी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. मी सरांकडे बघितलं. ते 'हो' म्हणाले की काम झालं होतं. मुलगी सोमवारी वर्गात. मी मनातून त्यांना ढकलत होते, म्हणा, एकदा म्हणा, कुणाचं काय जातंय? सरांनी तोंड उघडलं.

"अप्पा," मुलगी म्हणाली, "म्या पेपरच दिलं न्हाईत."

वडील तिच्याकडे वळले. "म्हंजी?"

"एकबी न्हाई दिला. रविवारी दुकानात व्हते की तुमच्याजवळ. पैली कशी यीन?"

वडलांनी सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस आपल्याला उठवून लावणार आणि पोरीला जन्मभर दुकानात बसवणार. पण तो माणूस विचार करत होता. दुकानदाराचं डोकं, सावकाश पण नीट चाललेलं.

"मंग सर," ते म्हणाले, "तवा शेवटची आली व्हती, तेबी असंच?"

"हो," सर म्हणाले. "तेही असंच."

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तो ओढल्यासारखा झाला, मग लाल झाला. "आन म्या त्या नंबरावर पोरीला घरी बसिवली," एवढंच म्हणाले. मग ताडकन उठले. "सोमवारी येती ती. सत्काराला न्हाय, शिकायला. आन पुन्ना भाईर बसिवली तर म्या सवता येतो, आन तुमच्या त्या सायबाला त्याच बाकड्यावर बसिवतो, उनात."

"या," सर म्हणाले. "मी बाक धरतो."

परत निघालो. फाट्याजवळ सरांनी मला गाडी थांबवायला सांगितलं. उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं.

"मॅडम, ती बोलली नसती तर मी हो म्हणणार होतो."

"म्हणायलाच पाहिजे होतं," मी म्हटलं. "मी असते तर केव्हाच म्हटलं असतं."

"तोंडात आला होता शब्द." त्यांनी रुमालानं मान पुसली, पुसतच राहिले. "पोरीला खरं बोलायची भीती वाटली नाही. मला वाटली."

मी तिथंच हायवेवर त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, भीती तुम्हाला वाटली याचं खापर त्या अध्यक्षांवर फोडा, त्या बोर्डावर फोडा. एका चांगल्या मास्तरावर पोरीला वर्गात बसवण्यासाठी खोटं बोलायची पाळी आणतात, आणि वर सत्काराला हार मागवून ठेवतात. माझं ओरडून झाल्यावर सर म्हणाले, "ते खरं आहे. पण तिच्यापुढं मान खाली घालून उभं राहायचं ते मलाच आहे ना सोमवारी."

सोमवारी ती आली. सरांनी शिकवायला सुरुवात करण्याआधी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते पोरांना कळलं नाही. तिला कळलं.